धुराड्यांतील कर्बवायु आणि पडद्याचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)

घरांत बटण दाबलें कीं दिवा लागतो. त्या दिव्यासाठीं कोठें तरी दूर कोळसा जळत असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि जळलेल्या त्या कोळशाचें पुढें काय झालें, हा विचार तर त्याहूनहि विरळा. कोळसा जळला म्हणजे त्याची राख झाली आणि तो संपला, अशी सामान्य समजूत असते. परंतु राख म्हणजे कोळशांतील जो भाग मुळीं जळलाच नाहीं तो. जो भाग खरोखर जळला, तो हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून, डोळ्यांस न दिसतां, धुराड्यावाटे बाहेर पडलेला असतो. जुन्या क्रमिक पुस्तकांत ज्यास कर्बाम्ल वायु म्हणत असत आणि हल्लीं ज्यास कार्बन डायॉक्साइड म्हणतात, तोच हा वायु. येथें त्यास सोयीसाठीं नुसतें कर्बवायु म्हणावें. बारा भार कर्ब जळला कीं चव्वेचाळीस भार कर्बवायु तयार होतो. म्हणजे जितका कर्ब भट्टींत घालावा, त्याच्या साडेतीन पटींहून अधिक वजनाचा वायु धुराड्यांतून निघतो. कोळशावर चालणाऱ्या केंद्रांत विजेचें एक युनिट तयार होतांना साधारणपणें ९०० ग्रॅम कर्बवायु बाहेर पडतो, असें धरल्यास ६०० मेगावॉटचें एक केंद्र पूर्ण भारानें चालत असतां दिवसाकांठीं दहा हजार टनांहून अधिक कर्बवायु हवेंत सोडीत असतें.

हा वायु स्वभावतः दुष्ट नव्हे. सोड्याच्या बाटलींत जो फसफसतो तो हाच, आणि झाडांचें अन्न तेंहि हाच. परंतु पृथ्वीवरून आकाशाकडे परतणारी उष्णता अडवून धरण्याचा गुण त्याच्या अंगीं आहे, आणि हवेंतील त्याचें प्रमाण वाढत चाललें आहे. हवाई बेटावरील मौना लोआ येथील वेधशाळेंत १९५८ सालीं मोजमापास आरंभ झाला, तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारें ३१५ भाग होते. २०२४ सालीं ते ४२० च्या पुढें गेले. म्हणून कोळशाचीं केंद्रें जोंपर्यंत चालू आहेत, तोंपर्यंत त्यांचा कर्बवायु धुराड्यांतच धरावा, दाबून द्रवासारखा करावा आणि जमिनीच्या पोटांत खोल गाडावा, ही कल्पना पुढें आली.

हा वायु धरतां येतो कीं नाहीं, याविषयीं वाद नाहीं. अमेरिकेंत आर. आर. बॉटम्स या रसायनज्ञास १९३० सालींच एका रीतीचें पेटंट मिळालें होतें. अमोनियाच्या कुळांतील अमाइन नांवाचीं द्रव्यें पाण्यांत कालवून त्या पाण्याचा वर्षाव वायूवर केला, कीं कर्बवायु तेवढा पाण्यांत शोषला जातो. तें पाणी १२० अंशांच्या आसपास तापविलें, कीं तो पुन्हां सुटा होतो. आणि थंड झालेलें पाणी परत कामास लागतें. रीत जुनी, खात्रीची आणि कारखान्यांतून रुळलेली. अडचण आहे ती खर्चाची. पाणी तापविण्यास वाफ लागते, ती वाफ टर्बाइन फिरविण्यासाठीं केलेल्या वाफेंतूनच घ्यावी लागते, आणि वाफ गेली कीं वीज गेली. कर्बवायु धरण्यासाठीं केंद्राच्या विजेचा पांचवा हिस्सा, प्रसंगीं त्याहूनहि अधिक, त्या केंद्रानेंच गिळावा, अशी स्थिति होते. शिवाय धुरांतील प्राणवायु व गंधकाचे वायु यांच्या संसर्गानें अमाइन हळूहळू बिघडतें, तें वेगळेंच.

याचा प्रत्यक्ष अनुभव दोन ठिकाणीं मोठ्या प्रमाणावर आलेला आहे. कॅनडांतील सस्कॅचवान प्रांतांत बाउंडरी डॅम केंद्राच्या तिसऱ्या संचावर ऑक्टोबर २०१४ मध्यें असा कारखाना सुरू झाला. त्यानंतर टेक्सास प्रांतांत ह्यूस्टन शहराजवळ पेट्रा नोव्हा नांवाचा कारखाना जानेवारी २०१७ मध्यें कामास लागला. त्यास सुमारें शंभर कोटी डॉलर खर्च आला, आणि केंद्राची वाफ कमी पडूं नये म्हणून वाफेसाठीं नैसर्गिक वायूवर चालणारें निराळें यंत्र बसवावें लागलें. तेथें धरलेला कर्बवायु नळानें नेऊन जुन्या तेलविहिरींत सोडीत, म्हणजे तळाशीं चिकटून राहिलेलें तेल वर येई. कारखान्याचा संसार त्या तेलाच्या किंमतीवर चालला होता. २०२० सालीं तेलाचे भाव कोसळले, आणि मे महिन्यांत वायु धरण्याचें काम थांबलें. तें पुन्हां सुरू झालें २०२३ च्या सप्टेंबरांत. यंत्र बिनचूक असून हिशेब चुकला, तर यंत्र बंद पडतें, हा त्यांतील धडा होय. म्हणूनच कर्बवायु धरण्याचा खर्च उतरविणें हा केवळ हिशेबनिसांचा विषय राहत नाहीं. ही विद्या उपयोगांत येणार कीं कपाटांत राहणार, हें त्यावरच ठरावयाचें आहे.

खर्च उतरविण्याच्या ज्या वाटा शोधण्यांत आल्या, त्यांतील एक अत्यंत साधी दिसते. रसायन नको, वाफ नको, तापविणें नको. एक पातळ पडदा घ्यावा, त्याच्या एका अंगानें धूर सोडावा, आणि कर्बवायु तेवढा पलीकडे जाऊं द्यावा. यास इंग्रजी नांवावरून मेम्ब्रेनची पद्धति म्हणतात. कल्पना नवी नाहीं. फिलाडेल्फिया येथील जॉन मिचेल या वैद्यानें १८३१ सालीं रबराचे फुगे निरनिराळ्या वायूंत ठेवून पाहिले, तेव्हां रबरांतून कर्बवायु विशेष त्वरेनें जातो असें त्यास आढळलें. १८६६ सालीं थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञानें त्याचें मोजमाप केलें. नत्रवायूच्या सुमारें तेरा पट वेगानें कर्बवायु रबरांतून पार होतो, असें त्याचें अनुमान निघालें.

असें कां व्हावें? पडदा म्हणजे चाळण अशी कल्पना केली, तर तें समजणार नाहीं. या पडद्यास छिद्रें नसतात; असतील तर तो निरुपयोगी ठरतो. कर्बवायूचे रेणु आधीं पडद्याच्या पदार्थांत विरघळतात, साखर पाण्यांत विरघळावी तसे; मग आंतल्या आंत वाट काढीत पलीकडच्या अंगास पोहोंचतात, आणि तेथें पुन्हां वायुरूप होऊन बाहेर पडतात. नत्रवायु या पदार्थांत फारसा विरघळत नाहीं, म्हणून तो मागें राहतो. ज्या पॉलिमरांत प्राणवायूचे अणु विशिष्ट रीतीनें गुंफलेले असतात, त्यांस कर्बवायूची विशेष ओढ असते, असें आढळल्यावरून हल्लींचे पडदे तशा पदार्थांचे करितात.

परंतु पदार्थ सांपडला म्हणजे काम झालें असें नाहीं. पडदा जितका जाड, तितकी वायूची वाट लांब आणि वेग कमी. पडदा फार पातळ केला, तर तो स्वतःचा भार सोसत नाहीं. या पेंचांतून मार्ग निघाला तो समुद्राच्या पाण्यांतून मीठ काढण्याच्या खटपटींत. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनीं असा पडदा केला, कीं त्याचें वरचें अस्तर अतिशय पातळ व घट्ट, आणि खालचा भाग जाड पण सच्छिद्र. निवड वरच्या अस्तरानें करावी, भार खालच्यानें वाहावा, अशी ही कामाची वांटणी होय. तरीहि एवढ्या पातळ अस्तरास कोठें ना कोठें सूक्ष्म भोंक राहून जाई, आणि वायूंच्या बाबतींत तेवढें एक भोंक सर्व काम बिघडवी. मॉन्सँटो कंपनींतील हेनिस व ट्रायपोडी यांनीं त्यावर सिलिकोन रबराचा हलका लेप देऊन तीं भोंकें बुजविलीं, आणि १९८० च्या सुमारास हायड्रोजन निवडणारे पडदे बाजारांत आले. त्याच दशकांत नैसर्गिक वायूंतून कर्बवायु काढण्यासाठींहि पडदे वापरले जाऊं लागले.

मग वीजकेंद्राच्या धुराड्यावरच ते तेव्हां कां बसविले नाहींत? या प्रश्नाच्या उत्तरांतच खर्चाचें सर्व मर्म आहे.

वायु पडद्यांतून जातो तो आपण होऊन जात नाहीं. दोन हौद मध्यें नळानें जोडले, तर ज्या हौदांत पाण्याची पातळी उंच, त्यांतून पाणी दुसऱ्यांत जातें. पातळी सारखी झाली कीं प्रवाह थांबतो. वायूंचेंहि तसेंच आहे. फरक इतकाच, कीं मिश्रणांतील प्रत्येक वायूस स्वतःची निराळी पातळी असते, आणि ती म्हणजे एकंदर दाबांतील त्या वायूचा वांटा. नैसर्गिक वायु जमिनींतून निघतो तोच प्रचंड दाबाखालीं. तेथें पातळीची उंची निसर्गानें फुकट दिलेली असते. वीजकेंद्राचा धूर मात्र साध्या हवेच्या दाबाचा, आणि त्यांत कर्बवायु शेंकडा बारा ते पंधराच. उरलेला बहुतेक नत्रवायु. तेव्हां कर्बवायूची पातळी अगदींच बेताची, आणि ती उंचावयाची तर पैसा ओतला पाहिजे.

हा दाब उत्पन्न करण्याच्या दोन रीती आहेत. एक, सगळाच धूर यंत्रानें दाबून मग पडद्यावर सोडणें. ६०० मेगावॉटच्या केंद्रांतून दर सेकंदास सुमारें ५०० घनमीटर धूर निघतो. एवढा सगळा दाबावयाचा म्हणजे जो नत्रवायु शेवटीं हवेंतच सोडावयाचा आहे, त्याच्यासाठींहि वीज खर्ची घालावयाची. दुसरी रीत अशी, कीं धूर जवळजवळ आहे त्या दाबावर असूं द्यावा, आणि पडद्याच्या मागल्या अंगाची हवा पंपानें खेंचून तेथें निर्वात स्थिति करावी. पातळींतील अंतर दोन्ही रीतींनीं पडतें. परंतु दुसरींत पंपास जें काम पडतें, तें पडदा ओलांडून आलेल्या थोड्या वायूपुरतेंच. विजेचा खर्च पुष्कळ उतरतो. त्याची भरपाई मात्र अन्यत्र करावी लागते, कारण पातळींतील अंतर एकंदरीनें कमी असल्यामुळें तेवढाच वायु काढण्यास पडदा फार मोठा लागतो.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. पडद्याचे दोन गुण पाहतात: कर्बवायु किती वेगानें जाऊं देतो ही त्याची पारगम्यता, आणि नत्रवायूच्या किती पट वेगानें जाऊं देतो हा त्याचा निवडकपणा. कोणासहि वाटेल कीं निवडकपणा जितका अधिक तितका पडदा उत्तम. प्रयोगशाळांतून अनेक वर्षें याच गुणाचा पाठपुरावा झाला. परंतु धुराड्याच्या बाबतींत हा ग्रह फसवा आहे. धुराचा एकंदर दाब १०० मानला, आणि त्यांत कर्बवायूचा वांटा १३ आहे असें धरलें. पंपानें मागल्या अंगाचा दाब २० वर आणला. आतां कर्बवायु मागें जावयाचा, तर मागल्या बाजूस त्याची पातळी १३ च्या खालींच असली पाहिजे. वीसांपैकीं तेरा म्हणजे शेंकडा ६५. पडदा कितीहि काटेकोर असो, एका फेरींत याहून शुद्ध कर्बवायु पदरांत पडणेंच शक्य नाहीं. फार काय, नत्रवायूस मुळींच थारा न देणारा परिपूर्ण पडदा बसविला, तर मागें केवळ कर्बवायु जमेल, त्याचा दाब १३ च्या वर चढणार नाहीं, आणि २० वर चालणाऱ्या पंपाच्या हातीं कांहींच लागणार नाहीं. उरलेले सात भाग भरून काढण्यास थोडा नत्रवायु आलाच पाहिजे! निवडकपणा भलताच वाढविला, तर तो नत्रवायु इतक्या सावकाश येतो कीं तेवढ्यासाठीं पडद्याचें क्षेत्रफळ वाढवीत बसावें लागतें. अति सोंवळेपण असें अंगाशीं येतें.

कॅलिफोर्नियांतील मेम्ब्रेन टेक्नॉलॉजी अँड रिसर्च या संस्थेच्या मर्केल, बेकर प्रभृति शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हा हिशेब सविस्तर मांडला. निवडकपणा एकदां तिसाच्या वर गेला, कीं त्यापुढें खर्च उतरवावयाचा तो पारगम्यता वाढवूनच, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनीं केलेल्या पोलॅरिस नांवाच्या पडद्याचा निवडकपणा ५० च्या आसपास, म्हणजे बेताचाच. परंतु नैसर्गिक वायूच्या धंद्यांत रुळलेल्या पडद्यांहून त्याची पारगम्यता सुमारें दहापट. त्यांतील निवड करणारें अस्तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतें. माणसाचा केस त्याच्या शंभरपटींहून जाड भरेल.

पारगम्यतेचें हें माहात्म्य आंकड्यांनीं स्पष्ट होईल. दहापट वेगाचा हा पडदा घेऊनहि ६०० मेगावॉटच्या केंद्रास दहा लाख चौरस मीटरांहून अधिक पडदा लागतो. दहा लाख चौरस मीटर म्हणजे सुमारें अडीचशें एकर. एवढा विस्तार गुंडाळून, थरावर थर रचून, नळकांड्यांत वा पेट्यांत बसवितात, म्हणून तो कारखान्याच्या आवारांत मावतो. वरील हिशेबांत बसविलेल्या पडद्याची किंमत चौरस मीटरास ५० डॉलर धरली होती. त्या दरानें दहा लाख चौरस मीटरांस पांच कोटी डॉलर होतात. पारगम्यता दुप्पट झाली, तर क्षेत्रफळ निम्मे, पेट्या निम्म्या, नळ निम्मे, आणि कांहीं वर्षांनीं पडदे बदलावयाचे तेहि निम्मेच. जुना पडदा दहापट मंद होता. त्या पडद्यानें हेंच काम करावयाचें म्हटलें असतें, तर अडीच हजार एकरांचा विस्तार लागला असता. ही योजना पूर्वीं कोणीं मनावर कां घेतली नाहीं, हें यावरून उघड होतें.

तरीहि एक अडचण राहतेच. धूर पडद्यावरून पुढें सरकूं लागला, कीं त्यांतील कर्बवायु कमी कमी होत जातो. निम्मा निघाल्यावर पातळी इतकी उतरते, कीं उरलेला काढण्यास पंपानें फारच खोल निर्वात करावें लागतें. पहिल्या निम्म्याहून दुसरा निम्मा कितीतरी महाग पडतो. यावर जी युक्ति काढली ती मोठी नामी आहे. वीजकेंद्रास कोळसा जाळण्यासाठीं बाहेरची हवा आंत घ्यावी लागतेच. त्या हवेंत कर्बवायु हजारांत अर्धा भागहि नसतो, म्हणजे त्याची पातळी जवळजवळ शून्य. तीच हवा बॉयलरकडे जातां जातां दुसऱ्या पडद्याच्या मागल्या अंगानें उलट दिशेनें नेली, तर धुरांतील उरलेला कर्बवायु आपोआप तिच्यांत उतरतो. पंप नको कीं वीज नको. कर्बवायूनें भरलेली ती हवा बॉयलरांत शिरते, आणि तेथून निघणाऱ्या धुरांत कर्बवायूचें प्रमाण तेराच्या ऐवजीं अठरा-वीसावर जातें. तो धूर पुन्हां पहिल्या पडद्यावर आला, म्हणजे पातळी मुळांतच उंच असल्यानें पहिल्या पडद्याचें कामहि हलकें होतें. जो वायु पकडणें महाग, तो परत फिरवून पकडण्यास स्वस्त करावयाचा, असें या युक्तीचें सार आहे.

अर्थात् यासहि किंमत आहे. हवेंत कर्बवायु मिसळल्यानें तिच्यांतील प्राणवायूचें प्रमाण २१ वरून १८ च्या आसपास उतरतें, आणि थोडा प्राणवायु पडद्यांतून उलट धुरांतहि जातो. अशा हवेंत कोळसा नीट पेटेल काय, ज्योत स्थिर राहील काय, बॉयलरची कार्यक्षमता किती घटेल, या शंका रास्त होत्या. त्यांची परीक्षा अमेरिकेंत बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर करणाऱ्या कंपनीच्या प्रायोगिक भट्टीवर घेण्यांत आली. ज्योत टिकते, आणि कार्यक्षमतेंतील घट सोसण्याजोगी आहे, असें दिसून आलें.

पडदा ओलांडून आलेला वायु शेंकडा साठ-पासष्ट शुद्ध. जमिनींत गाडण्यास तो याहून पुष्कळ शुद्ध लागतो. पण येथें पडद्यानेंच सर्व करावें असा हट्ट धरीत नाहींत. आतां वायूचें परिमाण थोडें राहिलेलें असतें. तो दाबून थंड केला कीं कर्बवायूचा द्रव होतो आणि नत्रवायु वायुरूपच राहतो. न जमलेला कर्बवायु आणखी एका लहान पडद्यानें वेगळा करून परत फिरवितात. ढोबळ काम पडद्यानें आणि बारीक काम थंडीनें, अशी ही जोड आहे. सैद्धांतिक दृष्ट्या अशा धुरांतील एक टन कर्बवायु वेगळा करून दीडशें पट दाबापर्यंत नेण्यास सुमारें ११० युनिटें वीज पुरावी. प्रत्यक्षांत कोणत्याहि रीतीनें त्याच्या दुपटी-तिपटीनें लागते. तेव्हां सुधारणेस वाव आहे, पण तो अमर्याद नाहीं, हेंहि ध्यानीं धरलें पाहिजे.

खर्चाच्या आणखी कांहीं बाबी वरवर क्षुल्लक वाटतात. पेटींतून वाहतांना वायूचा दाब थोडा थोडा घटतो. जेथें मुळांतच दाबाचें भांडवल अल्प, तेथें ही गळती जड जाते. म्हणून गुंडाळलेल्या पडद्यांऐवजीं सपाट थरांच्या, रुंद वाटांच्या पेट्या तयार करण्यांत आल्या. पडद्याचें आयुष्य तीन ते पांच वर्षें धरून हिशेब करितात. तें वाढलें तर तो निव्वळ नफा. धुरांतील बारीक राख आणि गंधकाचे वायु आधींच काढले नाहींत, तर हें आयुष्य घटण्याचें भय असतें.

यापेक्षांहि मोठा प्रश्न आहे तो धोरणाचा. शेंकडा नव्वद कर्बवायु धरावा, असें ध्येय अमेरिकन सरकारच्या ऊर्जाखात्यानें पुष्कळ वर्षें पुढें ठेविलें होतें. अमाइनच्या पद्धतींत ध्येय थोडें खालीं आणल्यानें दर टनामागील खर्च फारसा उतरत नाहीं. पडद्याचें तसें नाहीं. शेवटचे टनच तेथें महाग असल्यामुळें शेंकडा साठ-सत्तरावर थांबल्यास दर टनाचा खर्च लक्षांत येण्याइतका कमी होतो. कोळशाच्या केंद्राचा शेंकडा साठ कर्बवायु धरला, तर तें केंद्र नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या नव्या केंद्राच्या बरोबरीस येतें. अर्ध्या धुराड्यांवर नव्वद टक्के धरावा, कीं सर्व धुराड्यांवर साठ टक्के, याचें उत्तर शास्त्र एकटें देऊं शकत नाहीं.

याच कामास दुसरेहि अनेक लागलेले आहेत. फ्रान्समधील एर लिक्विड कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं पडदा शून्याखालीं तीस-चाळीस अंश थंड ठेवून पाहिला. त्या थंडींत पारगम्यता फारशी न घटतां निवडकपणा दुपटी-चौपटीनें वाढतो. नॉर्वेंत त्रोंधाइम येथील विद्यापीठांत मे-ब्रिट हेग यांनीं, आणि अमेरिकेंत ओहायो स्टेट विद्यापीठांत विन्स्टन हो यांनीं, पडद्याच्या अंगांतच अमाइन गुंफलें. तें कर्बवायूचा रेणु हातोहात पलीकडे पोहोंचवितें. अशा पडद्यास ओलावा लागतो, आणि धुरांत तो असतोच, ही सोयीची गोष्ट.

प्रयोगशाळेंतील आंकडे धुराड्यावर टिकतील काय, ही खरी कसोटी. पोलॅरिस पडद्याची चांचणी प्रथम अॅरिझोनांतील चोला केंद्रावर रोज एक टन कर्बवायु धरून झाली. पुढें अलाबामांतील राष्ट्रीय कर्ब-संशोधन केंद्रांत रोज वीस टनांपर्यंत. आणि त्यानंतर वायोमिंग प्रांतांत जिलेट गांवाजवळील ड्राय फोर्क केंद्रावर रोज सुमारें दीडशें टनांच्या यंत्रसंचाची उभारणी सरकारी साहाय्यानें हातीं घेण्यांत आली. एक, वीस, दीडशें. ही चढण आशादायक खरी. परंतु मोठ्या केंद्राचा रोजचा वायु दहा हजार टन असतो, हें विसरून चालणार नाहीं.

आतां गृहस्थाच्या दृष्टीनें हिशेब पाहावा. एका युनिटामागें ९०० ग्रॅम कर्बवायु, त्यांतील नव्वद टक्के धरावयाचा, आणि टनास ६० डॉलर खर्च. म्हणजे युनिटामागें जवळजवळ पांच सेंट अधिक पडतात. तोच खर्च ४० डॉलरांवर आला, तर सव्वातीन सेंट. अमेरिकन ऊर्जाखात्यानें टनास ४० आणि पुढें ३० डॉलर हें लक्ष्य ठेविलें, त्याचा अर्थ हा असा बिलावर उमटतो. हा भार गिऱ्हाइकानें सोसावा, कीं सरकारनें, कीं कोळसा विकणारानें? अमेरिकेंत २०२२ च्या कायद्यानें, गाडलेल्या दर टनामागें ८५ डॉलरपर्यंत करसवलत ठेविली. म्हणजे तेथें हा भार करदात्यावर घातला गेला. याशिवाय नळानें वाहून नेणें, योग्य खडक शोधून गाडणें, आणि तो तेथेंच राहतो कीं नाहीं याची पाहणी करणें, हे खर्च निराळे.

हिंदुस्थानाशीं या गोष्टीचा संबंध दूरचा नाहीं. देशांतील विजेपैकीं सुमारें तीन चतुर्थांश वीज अद्यापि कोळशाची आहे, आणि पुष्कळ केंद्रें वयानें तरुण असल्यामुळें अनेक वर्षें चालण्यासारखीं आहेत. चंद्रपूर, कोराडी, परळी येथील धुराडीं महाराष्ट्रास परिचित आहेतच. येथील कोळशांत राख शेंकडा तीस-चाळीसपर्यंत असते, तेव्हां परदेशचा पडदा जसाच्या तसा आणून बसविल्यानें भागणार नाहीं. धूर आधीं कसा स्वच्छ करावा, हा प्रश्न येथें अधिक बिकट आहे. कर्बवायु धरण्याच्या व वापरण्याच्या संशोधनासाठीं मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें २०२२ सालीं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें आहे, ही समाधानाची बाब होय.

पडद्यामुळें कोळसा निर्दोष होईल, असें मात्र समजूं नये. खाणीची धूळ, राखेचे तलाव आणि वाया जाणारी वीज, हीं पडद्यानें नाहींशीं होत नाहींत; आणि सूर्याची व वाऱ्याची वीज जसजशी स्वस्त होईल, तसतसें कोळशाचें धुराडें दुरुस्त करण्यापेक्षां तें विझविणेंच कित्येक ठिकाणीं शहाणपणाचें ठरेल. जेथें तें विझवितां येत नाहीं, तेथें मात्र दर टनामागें वांचणाऱ्या प्रत्येक डॉलरास महत्त्व आहे. कोट्यवधि वर्षें जमिनींत दडलेला कर्ब माणसानें दोन शतकांत उकरून हवेंत सोडला. तो परत जमिनींत ठेवण्यास काय पडेल, याचा हिशेब आतां केसाहून शंभरपट पातळ अशा पडद्यावर मांडला जात आहे. तो हिशेब आज ना उद्यां विजेच्या बिलांतून वा करांतून घरोघर येणारच. तेव्हां त्यांतील रकमा कशा व कोठून आल्या, हें सुशिक्षित कुटुंबांस आधींच ठाऊक असलेलें बरें.